जुनें शिवणयंत्र : संग्रह, दुरुस्ती व उपयोग

आपल्या घरांतील वस्तूंचे सहज दोन वर्ग पडतात. कांहीं वस्तू आपण रोज वापरतों, आणि त्या झिजल्या म्हणजे टाकून देतों. कांहीं वस्तू आपण जपून ठेवतों, परंतु त्यांस सहसा हात लावीत नाहीं. आजीची पैठणी किंवा पणजोबांची पगडी या दुसऱ्या वर्गांतल्या. परंतु या दोहोंपैकीं एकाहि वर्गांत न बसणारी अशी एक वस्तु पुष्कळ घरांत असते. तिचा वापर होत नाहीं आणि जतनहि होत नाहीं. ती वस्तु म्हणजे जुनें लोखंडी शिवणयंत्र होय. माडीच्या एखाद्या कोपऱ्यांत तें उभें असतें; त्याच्यावर जुनी चादर, चादरीवर रद्दीचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर धूळ. पुढें एके दिवशीं भंगारवाला दारावर येतो, आणि ज्या यंत्रानें एका काळीं घरांतील मुलांच्या शाळेची फी भरली, तें यंत्र वजनावर विकलें जातें.

हें पाहून आम्हांस वाईट वाटतें, परंतु केवळ हळहळण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, जुन्या शिवणयंत्राचें खरें जतन त्याच्या उपयोगांतच आहे. आणि तें उपयोगांत आणण्यापुरती दुरुस्ती वरच्या वर्गांतील कोणाहि विद्यार्थ्यास अगर विद्यार्थिनीस, वडील माणसांच्या देखरेखीखालीं, शिकतां येण्यासारखी आहे.

औंधचे दोन धडे

या विषयाचा विचार करितांना आमचें लक्ष प्रथम औंधकडे जातें. औंध हें आज सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्याचें एक गांव आहे; परंतु १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तें एका संस्थानाची राजधानी होतें. संस्थान लहान, आणि त्याचे तुकडेहि विखुरलेले. आटपाडी व कुंडल हे त्याचे भाग आज सांगली जिल्ह्यांत आहेत. तथापि या लहानशा संस्थानानें आपल्या विषयास उपयोगी पडणारे दोन धडे घालून दिलेले आहेत.

पहिला धडा संग्रहाचा. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. त्यांनीं जन्मभर चित्रें, शिल्पें व कोरीव कामाच्या वस्तू जमविल्या. राजवाड्याच्या बंद दालनांत हा संग्रह ठेवणें त्यांस अवघड नव्हतें; परंतु यमाईच्या डोंगरावर त्यासाठीं त्यांनीं मुद्दाम इमारत उभारिली, व १९३८ सालीं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय सुरू झालें. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता व बालकाच्या शिल्पापर्यंत अनेक वस्तू तेथें पाहावयास मिळतात. संग्रह करणाराचा हेतु केवळ 'माझ्याजवळ आहे' असें म्हणण्याचा नसावा, तर 'सर्वांनीं पाहावें व शिकावें' असा असावा, हें या संग्रहालयावरून शिकतां येतें.

दुसरा धडा कारागिरीचा. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कुंडलजवळच्या उजाड माळावर आपला कारखाना आणिला, आणि तेथेंच किर्लोस्करवाडी वसली. ती जमीन औंध संस्थानांतली होती. लक्ष्मणरावांनीं तत्पूर्वीं बेळगांवास सायकली दुरुस्त केल्या होत्या व लोखंडी नांगर घडविला होता. आरंभीं शेतकरी त्या नांगरास हात लावीनात, कारण लोखंडानें जमीन नासते अशी त्यांची समजूत होती. पुढें तोच नांगर घरोघर गेला. यंत्र हें कांहीं देवाघरचें गूढ नव्हे. तें माणसानें जोडलेलें असतें, म्हणून माणसास तें सोडवितां येतें व पुन्हां जोडतांहि येतें, ही दृष्टि या भागांतील तरुणांस त्या कारखान्यानें दिली.

जुन्या शिवणयंत्राच्या ठायीं हे दोन्ही धडे एकत्र येतात. तें संग्रहाच्या योग्यतेचें आहे, आणि चालविण्याच्याहि योग्यतेचें आहे.

यंत्राचा पूर्वेतिहास

शिवणयंत्र एकाच माणसानें एके दिवशीं शोधून काढिलें असें झालेलें नाहीं. बार्थेलेमी तिमोनिये नांवाच्या एका गरीब फ्रेंच शिंप्यानें १८३० सालीं आपल्या यंत्राची सनद मिळविली. पॅरिसमध्यें अशा सुमारें ८० यंत्रांवर सैनिकांचे गणवेष शिवले जाऊं लागले. तेव्हां आपली भाकरी जाणार या भीतीनें तेथील शिंप्यांनीं १८३१ सालीं कारखान्यावर हल्ला करून यंत्रें मोडून टाकिलीं. तिमोनिये पुढें दारिद्र्यांतच वारला.

त्यानंतर अमेरिकेंतील इलायस हौ यानें १८४६ सालीं दोन दोऱ्यांनीं टांका घालणाऱ्या यंत्राची सनद घेतली. सुईचें नेढें मागच्या टोंकास न ठेवितां अणकुचीजवळ ठेवावें ही त्यांतील मुख्य युक्ति. आपल्या हातांतल्या सुईच्या अगदीं उलट असा हा विचार आहे! १८५१ सालीं आयझॅक मेरिट सिंगर यानें व्यवहारांत टिकेल असें यंत्र तयार केलें. मग सनदांवरून हौ व सिंगर यांचे खटले चालले, सिंगरला हौ यास मानधन द्यावें लागलें, व अखेर १८५६ सालीं मुख्य कारखानदारांनीं आपल्या सनदा एकत्र करून समेट केला. त्याच सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानें यंत्र हप्त्यानें विकण्याची पद्धत सुरू केली. जें यंत्र श्रीमंतासहि महाग वाटे, तें त्यामुळें कामकरी माणसाच्या आवांक्यांत आलें.

या यंत्रानें श्रम किती वांचले याची कल्पना एका जुन्या आंकड्यावरून येईल. व्हीलर अँड विल्सन या अमेरिकन कारखान्यानें १८६० च्या सुमारास केलेल्या मोजणींत, एक पुरुषी शर्ट हातानें शिवण्यास १४ तास २६ मिनिटें लागलीं, तर यंत्रावर १ तास १६ मिनिटें पुरलीं. हा आंकडा कारखानदाराचा आहे, म्हणून त्यांत थोडी बढाई धरली तरी उरलेला फरकहि लहान नाहीं.

सिंगर कंपनीनें स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें १८८५ च्या सुमारास प्रचंड कारखाना उभारिला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, त्या गांवावर भयंकर बॉम्बवर्षाव झाला, तरी कारखाना त्यांतून वांचला. तो पुढें १९८० सालीं बंद झाला. आपल्या इकडे जीं जुनीं सिंगर यंत्रें सांपडतात, त्यांतील पुष्कळशीं याच कारखान्यांतून समुद्रमार्गें आलेलीं आहेत.

महाराष्ट्रांत आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागांत हें यंत्र हिंदुस्थानांत पसरलें. मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांजकडे सिंगरची एजन्सी दीर्घकाळ होती, आणि त्यांनीं नेमलेल्या माणसांकडून हीं यंत्रें गांवोगांव पोंचलीं. हप्त्याची सोय इकडेहि होती. शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून हात-मशीन चालविणारा शिंपी, आणि शहरांत पाय-मशीनवर बसलेला शिंपी, हीं चित्रें आपल्या बाजारपेठांत कायमचीं झालीं. सणवार, लग्नसराई अगर गांवची यात्रा जवळ आली म्हणजे त्या ओट्यावरचा खडखडाट रात्रीं उशिरापर्यंत ऐकूं येई. औंध संस्थानच्याच हद्दींत, कऱ्हाडजवळ, ओगलेवाडी येथें कांचेचा कारखाना १९१६ सालीं निघाला व त्याचे 'प्रभाकर' कंदील प्रसिद्ध झाले. अशा कंदिलांच्या उजेडांत किती चोळ्या, किती बंड्या व किती झबलीं शिवलीं गेलीं असतील याची गणती कोण करणार!

स्त्रियांच्या दृष्टीनें तर या यंत्राचें महत्त्व विशेष आहे. पंडिता रमाबाई यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत अनाथ व विधवा स्त्रियांस जे उद्योग शिकविले, त्यांत शिवणकाम होतें. रमाबाई रानडे यांच्या परिश्रमानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें राहिलें; तेथेंहि शिवणाचा वर्ग चालत असे. घराबाहेर न पडतां, कोणाचे उपकार न घेतां, चार पैसे मिळवून मुलांस वाढवितां येईल असें साधन त्या काळीं स्त्रियांच्या हातीं फारसें नव्हतें. शिवणयंत्र हें तसें साधन होतें. पति वारल्यावर एका यंत्राच्या आधारानें संसार सांवरणाऱ्या माउलीची हकीकत आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या घराण्यांत निघेल.

महात्मा गांधींचा यंत्रांविषयींचा कटाक्ष सर्वांस ठाऊक आहे. तरीहि १९२४ सालीं रामचंद्रन् नांवाच्या विद्यार्थ्याशीं बोलतांना त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, व आजवर शोधलेल्या थोड्या उपयुक्त वस्तूंत त्याची गणना केली. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें हें यंत्र शोधिलें अशी गोष्ट त्यांनीं त्या वेळीं सांगितली. प्रत्यक्ष इतिहास तितका गोड नाहीं. सिंगरचा डोळा मुख्यतः पैशावर होता. परंतु गांधींचा मुद्दा त्यामुळें बाधित होत नाहीं. जें यंत्र माणसाचे हात निकामी करीत नाहीं, उलट त्या हातांचें बळ वाढवितें, तें स्वीकारावें, असा तो मुद्दा होता. १९३९ सालीं याच गांधींच्या सल्ल्यानें औंधच्या राजांनीं प्रजेस स्वराज्याची घटना दिली, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. स्वावलंबन हें दोहोंचें सूत्र आहे.

देशी यंत्रांचा आरंभ थोडा उशिरां झाला. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्यें १९३५ च्या सुमारास 'उषा' यंत्र तयार होऊं लागलें. १९३८ सालीं लाला श्रीराम यांनीं तो कारखाना हातीं घेतला, आणि स्वातंत्र्यानंतर 'उषा' हें नांव घरोघर झालें.

टांका कसा पडतो ?

यंत्र दुरुस्त करावयाचें तर तें काय करितें हें आधीं समजलें पाहिजे. शिवणयंत्राच्या टांक्यांत दोन दोरे असतात. वरचा दोरा रिळावरून येतो व सुईंतून जातो. खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडांतून खालीं जाते व किंचित् वर उठूं लागते, त्या क्षणीं तिच्या मागें दोऱ्याचा लहानसा फांसा तयार होतो. त्याच क्षणीं शटलचें टोंक त्या फांशांत शिरतें, आणि वरचा दोरा बॉबिनच्या भोंवतीं फिरून येतो. नंतर यंत्राच्या तोंडाशीं खालवर होणारी दांडी तो दोरा वर ओढून घेते व दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. कापडाखालचे दांते मग कापडास एक पाऊल पुढें सरकवितात, आणि वरचा पाय कापड दाबून धरितो.

सुई, शटल, दोरा ओढणारी दांडी व दांते या चौघांची वेळ बिनचूक जुळली पाहिजे. एकानें घाई केली अगर एक मागें राहिला कीं टांका चुकतो. शंभर वर्षांच्या यंत्रांतहि ही जुळणी टिकून राहते, याचें कारण तिचे भाग जाड पोलादाचे व एकमेकांस दांडे, तरफा आणि चाकांनीं पक्के बांधलेले असतात. तेल मिळत राहिलें तर ते फार हळू झिजतात.

संग्रह कसा करावा ?

जुन्या यंत्राची ओळख पटविण्याची पहिली खूण म्हणजे त्याचें शटल. पट्टी सरकवून आंत पाहिलें असतां होडीच्या आकाराचें लांबट शटल व त्यांत बारीक लांब बॉबिन दिसली, तर तें जुन्या घडणीचें यंत्र होय. सिंगरचे २७ व २८ हे नंबर या जातीचे आहेत. बॉबिन वाटोळी असून बाजूनें, उभी बसत असेल, तर तें १५ नंबरच्या घराण्यांतलें. आपल्या देशांत तयार झालेलीं बहुतेक काळीं घरगुती यंत्रें याच घराण्यांतलीं आहेत. बॉबिन वरून आडवी ठेवावयाची असेल, तर सिंगरचे ६६ अगर ९९ हे नंबर असण्याचा संभव आहे.

दुसरी खूण अनुक्रमांकाची. सिंगर यंत्राच्या पायथ्यावर उजव्या अंगास तो ठोकलेला असतो. १९०० पूर्वींच्या यंत्रांवर नुसते आंकडे असतात. त्यानंतर आंकड्यांपूर्वीं अक्षर येतें. 'एफ्' किंवा 'वाय्' हें अक्षर क्लाइडबँकच्या कारखान्याचें, आणि 'जी' हें अमेरिकेंतील एलिझाबेथ येथील कारखान्याचें. आंकडा नीट वाचला म्हणजे यंत्राचें वय बहुधा कळतें.

आतां एक इशारा. जुन्या सिंगर यंत्रांत 'लाल पारा' नांवाचा मौल्यवान पदार्थ असतो अशी आवई अधूनमधून उठते. २००९ सालीं सौदी अरेबियांत या आवईमुळें जुन्या यंत्रांच्या किंमती अफाट चढल्या, व तेथील पोलिसांस चौकशी करावी लागली. यंत्रांत पोलाद, बीड, थोडें निकेल व काळें रोगण याखेरीज कांहींहि नसतें. अशा यंत्रांचीं उत्पादनें लाखांनीं झालेलीं असल्यामुळें त्यांस सहसा मोठी किंमत येत नाहीं. संग्रहाकडे पैसे मिळविण्याच्या दृष्टीनें पाहणारानें या वाटेस न गेलेलें बरें.

संग्रहाची आमची कल्पना निराळी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत हौ व सिंगर यांचे सनदेसाठीं सादर केलेले मूळ नमुने ठेविलेले आहेत. तसला संग्रह सरकारनें अगर मोठ्या संस्थेनेंच करावा. विद्यार्थ्यानें एकच यंत्र घ्यावें, तेंहि आपल्या घरचें अगर शेजारचें, आणि त्याची एक नोंदवही करावी. कारखान्याचें नांव, नंबर व अनुक्रमांक लिहावा. परंतु त्याहून महत्त्वाचें म्हणजे तें कोणीं घेतलें, कोणत्या गांवीं, रोख कीं हप्त्यानें, त्यावर काय शिवलें, तें कोण शिकलें व कोणीं शिकविलें, हें घरांतील वृद्ध माणसांस विचारून लिहून ठेवावें. यंत्राचा आंकडा उद्यांहि वाचतां येईल; आजीच्या आठवणी उद्यां मिळतीलच असें नाहीं. राजवाड्यांतील वस्तूंचा इतिहास लिहावयास पुष्कळ जण असतात. शिंप्याच्या ओट्याचा व विधवेच्या स्वयंपाकघराचा इतिहास आपण न लिहिला तर कोणीच लिहिणार नाहीं.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीचा पहिला नियम असा कीं, चाक अडलें असेल तर जोर करूं नये. पुष्कळदां अडचण अगदीं क्षुल्लक असते. शटलच्या घरांत तुटलेल्या दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो. म्हणून प्रथम सुई, बॉबिन व सुईखालची पट्टी काढावी, आणि मऊ कुंचल्यानें सर्व कचरा झाडून काढावा. दांत्यांच्या मध्यें वर्षानुवर्षें दाबून बसलेला कापसाचा थर लांकडी काडीनें उकरावा. कोणताहि भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र अगर आकृति करून ठेवावी, आणि स्क्रू काढतील त्या क्रमानें पुठ्ठ्याच्या तुकड्यांत खोंचून ठेवावे. पेचकस स्क्रूच्या खांचेंत बरोबर बसणारा असावा. सैल पेचकसानें खांच बोथट झाली म्हणजे तो स्क्रू कायमचा हट्टी होतो.

यंत्र जड जाण्याचें दुसरें कारण म्हणजे चुकीचें तेल. आपल्या भागांत करडईचें व शेंगदाण्याचें तेल घरांत असतेंच, आणि 'तेल तें तेल' असें समजून पुष्कळ जण तेंच यंत्रांत घालतात. करडईचें तेल वाऱ्यानें वाळून चिकट रोगण बनतें, आणि तें सांध्यासांध्यांत डिंकासारखें धरून बसतें. असें यंत्र मेलेलें नसतें, नुसतें चिकटलेलें असतें. त्याच्या तेलाच्या प्रत्येक छिद्रांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडावे, एक रात्र थांबावें, व दुसऱ्या दिवशीं चाक हलक्या हातानें पुढेंमागें हलवावें. एक-दोन दिवसांत तें बहुधा सुटतें. हें काम मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर व वडील माणसांच्या समक्ष करावें. रॉकेल घाण काढतें, परंतु वंगणाचें काम करीत नाहीं. म्हणून नंतर तें पुसून शिवणयंत्राचें पातळ स्वच्छ तेल प्रत्येक छिद्रांत घालावें.

तिसरी गोष्ट यंत्राच्या रूपाची. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी पाहून ती चमकविण्याचा मोह होतो, आणि तेथेंच बहुतेक यंत्रें बिघडतात. ती नक्षी म्हणजे कागदावरून उतरविलेलें नाजूक चित्र असून तिच्यावर लाखेचा पातळ थर दिलेला असतो. स्पिरिटानें लाख विरघळते. कडक साबणानेंहि नक्षीस अपाय होतो, आणि पॉलिशच्या कागदानें तर सर्वच नाहींसें होतें. मऊ फडक्यावर शिवणयंत्राचेंच तेल घेऊन हळू पुसावें, इतकेंच पुरे. उघड्या पोलादी भागांवरचा गंज तेलांत बुडविलेल्या अगदीं बारीक लोखंडी लोकरीनें काढावा. सर्व अंगास नवा काळा रंग देणें आम्हांस पसंत नाहीं. ज्या ठिकाणीं शिवणाऱ्या हाताखालीं नक्षी झिजलेली असते, ती झीज हाच त्या यंत्राचा खरा इतिहास आहे. तो पुसून टाकून यंत्र 'नवें' केलें तर जतन कशाचें झालें ?

राहिलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. बॉबिन भरण्याच्या चाकाचें रबरी कडें सुकून कडक होतें. तें नवें घालावें. पाय-मशीनचा चामडी पट्टा सैल पडला असल्यास थोडा कापून पुन्हां जोडावा, परंतु फार घट्ट करूं नये, नाहीं तर पाय भरून येतात. एखाद्या यंत्रास पूर्वीं विजेची मोटर बसविलेली असेल, तर तिच्या तारांवरचें जुनें रबर तडकलेलें असतें. जाणत्या कारागिरानें तपासल्याखेरीज तिला वीज जोडूं नये.

शेवटीं नवी सुई बसवावी. यंत्राच्या जातीची सुई आहे ना, हें दुकानांत विचारून घ्यावें; साध्या सुती कापडास १४ नंबरची व जाड कापडास १६ नंबरची सुई योग्य. सुईच्या एका बाजूस लांब पन्हळ असते. दोरा त्या बाजूनें ओंवावयाचा असतो. मग वर तांबडा व खालीं पांढरा दोरा घालून दुहेरी कापडावर एक ओळ शिवावी. वरच्या अंगास पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या अंगास तांबडे ठिपके दिसले तर तो कमी आहे. ताणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवून, वर केवळ तांबडा व खालीं केवळ पांढरा दोरा दिसेल असें करावें. ती ओळ साधली म्हणजे यंत्र पुन्हां कामास आलें.

उपयोग व मर्यादा

जुनें यंत्र सर्व कांहीं करूं शकतें असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तें पुढें जाणारा सरळ टांका घालतें. नागमोडी टांका, कडा गुंफण्याची शिलाई अगर ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कपड्याची शिलाई त्यास सहसा साधत नाहीं. कांहीं विक्रेते तें चामडेंहि शिवील असें सांगतात. घरगुती यंत्राकडून तसलें काम घेणें म्हणजे बैलगाडीच्या बैलांकडून रूळगाडी ओढविणें होय.

परंतु घरांतील शिलाईचा मोठा भाग सरळ टांक्याचाच असतो. उसवलेला गणवेष, उशीचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, परकर, जुन्या लुगड्यांची गोधडी, हीं कामें तें आनंदानें करितें. त्यास वीज लागत नाहीं. हात-मशीनचा वेग शिकणाऱ्याच्या ताब्यांत असतो. एक टांका घालून थांबतां येतें, म्हणून लहान मुलांनींहि भीति न बाळगतां शिकावें. शिवण शिकणें हें केवळ मुलींचें काम, ही समजूत शिंप्यांच्या या देशांत तरी हास्यास्पदच आहे.

आणि घरीं उपयोग नसेल तर ? तर तें भंगारांत न घालतां उपयोग असलेल्या घरीं द्यावें. इंग्लंडांतील कांहीं धर्मादाय संस्थांनीं लोकांकडून जुनीं हात-मशीनें व पाय-मशीनें गोळा करून, स्वयंसेवकांकडून दुरुस्त करवून, आफ्रिकेंतील शिवणशाळांस पाठविलीं आहेत. इतके दूर जाण्याचें आपल्यास कारण नाहीं. आपल्याच गांवांत, आपल्याच आळींत, एका यंत्रावांचून अडलेली बाई असते. भंगाराच्या तराजूंत ज्याचे शेंदोनशें रुपये येतात, तेंच यंत्र चालू स्थितींत तिच्या दारीं गेलें तर एका कुटुंबाचा हात मोकळा होतो.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस व पालकांस अशी सूचना आहे. येत्या सुटींत आपल्या घरांतील, आजोळच्या घरांतील व शेजारच्या घरांतील यंत्रें पाहावीं. चादर काढावी, धूळ झाडावी, व प्रत्येक यंत्राची नोंद करावी. त्यांतील एक यंत्र वडील माणसांच्या मदतीनें चालू करावें. गांवांत जुना शिंपी असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन नम्रपणें विचारावें. जें ज्ञान कोणत्याहि छापील पुस्तकांत सांपडत नाहीं तें त्याच्या बोटांत असतें, आणि विचारणारा मिळाला म्हणजे तो तें आनंदानें देतो. मग त्या यंत्रावर शिवलेली पहिली पिशवी ज्या आजीचें तें यंत्र असेल तिच्या हातीं नेऊन द्यावी. यंत्र चाललें, ज्ञान पुढच्या हातीं गेलें, आणि ज्यांनीं त्या यंत्रावर कष्ट उपसले त्यांचें स्मरण राहिलें, म्हणजे संग्रह, दुरुस्ती व उपयोग हे तिन्ही हेतु एकाच वेळीं सिद्धीस गेले असें आम्ही समजूं.